सगळ्यांनी थोडं थोडं: फर्मिलॅबचे २००८ मधले सहा महिने

२००७ चा डिसेंबर. नाताळ तोंडावर आलेला असताना अमेरिकेतल्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेचे संचालक पिएर ओडोने यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा बोलावली आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, नव्या वर्षात प्रत्येकाला आळीपाळीने बिनपगारी रजेवर जावं लागेल. दोन, साधारण २०० जणांच्या नोकऱ्या जातील. प्रयोगशाळेत तेव्हा १,९०० च्या आसपास माणसं होती, म्हणजे दहातला एक जाणार.

पुढे झालं ते असं: रजा फेब्रुवारीत सुरू झाली आणि मेअखेरीस थांबली. सक्तीची कपात मात्र झालीच नाही. पैसे कापणारे वॉशिंग्टनमध्ये होते आणि शेवटी परत देणारेही तिथलेच. प्रयोगशाळेच्या हातात मधल्या काळात एवढंच होतं की वाईट बातमी कोणी सांगायची, किती खरी सांगायची आणि तिचा भार कोणावर किती टाकायचा. हे प्रकरण अभ्यासायचं ते त्यासाठी. अर्थसंकल्पी कपाती सगळीकडेच होतात.

पैसा कुठे आटला

शिकागोच्या पश्चिमेला साधारण ६५ किलोमीटरवर, बटेव्हिया गावालगत ६,८०० एकरांवर ही प्रयोगशाळा पसरली आहे. १६ मजली विल्सन हॉल, भोवती गवताळ माळ आणि त्यावर पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांनी आणलेल्या बायसनचा कळप. सव्वासहा किलोमीटर परिघाचा टेव्हाट्रॉन हा त्या वेळी जगातला सर्वांत शक्तिशाली कणत्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देऊन एकमेकांवर आदळवणारं यंत्र, होता. टॉप क्वार्क या मूलकणाचा शोध १९९५ मध्ये इथेच लागला. मालकी सरकारची, पैसा ऊर्जा खात्याचा. पण चालवणारी संस्था वेगळी. शिकागो विद्यापीठ आणि विद्यापीठांचा एक संघ यांनी मिळून बनवलेली ही संस्था २००७ च्या जानेवारीपासून कारभार पाहत होती. त्यामुळे तिथले कर्मचारी सरकारी नोकर नव्हेत. आपल्याकडच्या सीएसआयआर किंवा अणुऊर्जा खात्यातल्या कायम नोकरीचं कवच त्यांना नाही, ही गोष्ट पुढचं सगळं वाचताना लक्षात ठेवावी लागते.

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्या हिशेबाने २००८ चं वर्ष २००७ च्या ऑक्टोबरातच सुरू झालं, तेव्हा खर्चाची विधेयकं मंजूर झालेली नव्हती, म्हणून जुन्या पातळीवर गाडा चालू होता. वाढ मिळणार अशी सगळ्यांची समजूत होती, आणि तिला आधारही होता. ऑगस्ट २००७ मध्येच अध्यक्ष बुश यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात मूलभूत विज्ञानाचा निधी काही वर्षांत दुप्पट करण्याचा इरादा लिहिलेला होता. कायद्यातला इरादा आणि तिजोरीतून निघालेला पैसा यांत किती अंतर असतं, हे आपल्याकडच्या विनाअनुदानित शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाला सांगावं लागत नाही.

झालं असं की काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, अध्यक्षांनी सुचवलेल्यापेक्षा एकूण सुमारे २२ अब्ज डॉलर जास्त खर्चायचे होते आणि अध्यक्षांनी नकाराधिकाराची धमकी दिली होती. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सगळी विधेयकं एकाच गाठोड्यात बांधली गेली आणि बेरीज जमवण्यासाठी जिथे ओरड कमी होईल तिथे कात्री चालली. २६ डिसेंबरला सही झाली. फर्मिलॅबला ३७ कोटी २० लाख डॉलर मिळायचे होते, मिळाले ३२ कोटी. फरक ५ कोटी २० लाखांचा.

हा फरक वर्षाचा, पण वर्षाचे तीन महिने उलटून गेले होते. उरलेल्या नऊ महिन्यांतच तो भरून काढायचा होता, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने जवळजवळ सात कोटींचा वेग. शिवाय कात्री सरसकट नव्हती. मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात ८१० किलोमीटरवर न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण पाठवून ते तिथे पकडायच्या ‘नोव्हा’ प्रयोगासाठी ३ कोटी ६० लाख मागितले होते, मिळालं शून्य. इंटरनॅशनल लिनिअर कोलायडर या भावी यंत्रावरच्या संशोधनासाठी साऱ्या देशात ६ कोटी अपेक्षित होते, मंजूर झाले दीड कोटी. ते दीड कोटी डिसेंबरपर्यंत खर्चही होऊन गेले होते. त्यामुळे या कामावरच्या माणसांना दुसऱ्या दिवसापासून काम उरलं नाही. त्याच महिन्यात ब्रिटनच्या विज्ञान परिषदेनेही या यंत्रातून अंग काढून घेतलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आणखी एक कारण कोणत्याही हिशेबात दिसत नाही. बटेव्हियाच्या मतदारसंघाचे प्रतिनिधी डेनिस हॅस्टर्ट हे १९९९ पासून आठ वर्षं प्रतिनिधीगृहाचे सभापती होते. सभापतीच्या मतदारसंघातल्या प्रयोगशाळेच्या निधीला सहसा कोणी हात लावत नाही. २००६ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचं बहुमत गेलं, आणि २६ नोव्हेंबर २००७ ला त्यांनी जागाच सोडली. गाठोडं बांधलं जात होतं त्या तीन-चार आठवड्यांत या मतदारसंघाला प्रतिनिधीच नव्हता. एवढ्याने कपात झाली असं मी म्हणणार नाही. पण ज्यांची ओरड कमी त्यांच्यावर कात्री, असा नियम चालू असताना ओरडायलाच कोणी नव्हतं हे खरं.

तीन वाटा

टेव्हाट्रॉन बंद ठेवून वीज आणि माणसं वाचवणं, ही एक वाट होती. ती कोणालाच नको होती. युरोपातला एलएचसी हा आणखी शक्तिशाली कणत्वरक २००८ मध्येच सुरू व्हायचा होता, आणि हिग्ज बोसॉन या तेव्हा न सापडलेल्या कणाचा माग काढायची टेव्हाट्रॉनची मुदत सरत आली होती. सीडीएफ आणि डीझीरो या दोन प्रयोगांवर प्रत्येकी सहाशेच्या आसपास भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते, आणि त्यांतले बहुतेक बाहेरच्या विद्यापीठांचे. डीझीरोमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही गट होता. यंत्र थांबवलं असतं तर फर्मिलॅबच्या पगारपत्रकावर नसलेल्या शेकडो जणांचं, त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांसकट, वर्ष वाया गेलं असतं.

दुसरी वाट सरळ माणसं कमी करण्याची. ऐकायला कठोर, पण निदान लवकर संपणारी. तिच्यात गोम अशी की कपातीने त्याच वर्षात फार पैसे वाचत नाहीत. जाणाऱ्याला नुकसानभरपाई आणि साठलेल्या रजेचे पैसे द्यावे लागतात. बचत दिसायला लागते ती पुढच्या वर्षी, आणि खड्डा तर याच वर्षात होता.

तिसरी वाट सगळ्यांनी थोडं थोडं सोसण्याची: दर दोन महिन्यांत प्रत्येकाने एक आठवडा बिनपगारी घरी बसायचं. आठ आठवड्यांच्या जागी सात आठवड्यांचा पगार.

एक आठवडाच का, दर महिन्याला दोन-चार दिवस का नाही? अमेरिकी श्रम कायद्यात मासिक पगारावरच्या, ओव्हरटाइम न मिळणाऱ्या माणसाने आठवड्यात थोडंही काम केलं तर सर्वसाधारणपणे पूर्ण आठवड्याचा पगार द्यावा लागतो; काम नाही म्हणून मधलेच दोन दिवस कापता येत नाहीत. बिनपगारी ठेवायचं तर अख्खा आठवडाच, आणि त्या आठवड्यात कामाला हातही लावायचा नाही. घरी बसून एखादा ईमेल वाचून उत्तर देणं हेही कामच. शास्त्रज्ञाला पगार कमी घे म्हणून सांगता येतं. आठवडाभर विश्लेषणाकडे बघू नकोस हे सांगणं जास्त अवघड. ज्याचा शोधनिबंध अडलाय त्याला ती रजा पैशांपेक्षा वेळेच्या अंगाने लागते. आणि ज्याच्या घराचा हप्ता पगारावर चालतो त्या तंत्रज्ञाला नेमकी उलट. एकच आदेश दोघांना, पण दोघांचं दुखणं वेगळं. ‘समान’ कपातीत एवढी असमानता असतेच.

ओडोने यांनी तिसरी वाट घेतली, आणि तिच्या मागे दुसरीही ठेवली. रजेतून या वर्षाचा खड्डा भरायचा आणि कपातीतून पुढच्या वर्षासाठी प्रयोगशाळा आखूड करायची. हिशेब म्हणून हे चोख होतं.

बातमीचं पत्रक

त्या काळात प्रयोगशाळेत ‘फर्मिलॅब टुडे’ नावाचं रोजचं पत्रक निघायचं. त्यात एका बाजूला दिवसाचे कार्यक्रम, हवामान, उपाहारगृहातलं त्या दिवसाचं जेवण. दुसऱ्या बाजूला एखादा नवा निष्कर्ष, कोणाची निवृत्ती, कोणाला मिळालेला सन्मान. मंगळवारी संचालकांचा स्तंभ असे. इतर वेळी असं पत्रक माणसं जेवणाचा बेत बघण्यापुरतं उघडतात. २००८ च्या पहिल्या सहामाहीत मात्र मंगळवारचा स्तंभ आधी वाचला जात असणार, यात मला शंका नाही.

असं पत्रक आधीपासून रोज निघत असणं हीच मोठी पुंजी होती. संकट आल्यावर संवादाची सोय उभी करायला जाणाऱ्या संस्था बहुधा वरातीमागून घोडं दामटतात. लोकांना ठिकाण माहीत नसतं, आवाज ओळखीचा नसतो, आणि पहिलंच पत्रक वकिलाने लिहिल्यासारखं वाटतं. इथे संचालक दर आठवड्याला लिहीतच होते. यंत्राबद्दल, वॉशिंग्टनबद्दल, भावी योजनांबद्दल. बातमी वाईट झाली तरी आवाज तोच राहिला.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडे. किती मागितले, किती मिळाले, कुठल्या कामाला शून्य, हे लपवून ठेवलं नाही. आपल्याकडच्या प्रयोगशाळांमधून असा काही प्रसंग आला की परिपत्रक निघतं: ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने असे कळविण्यात येते की’. त्यात निर्णय असतो, हिशेब नसतो, आणि बोलणारा माणूस तर कधीच नसतो. आपल्याकडे कायम कर्मचाऱ्याच्या पगाराला सहसा धक्का लागत नाही. निधीची ओढाताण झाली की झळ बसते ती प्रकल्प साहाय्यकांना आणि अधिछात्रवृत्तीवरच्या विद्यार्थ्यांना. पाठ्यवृत्ती महिनोन्महिने अडकते आणि का अडकली, कधी सुटणार, हे सांगायला कोणी समोर येत नाही. २०१९ च्या जानेवारीत ज्युनिअर फेलोंची महिन्याची रक्कम ३१,००० रुपये झाली, तीही देशभरातल्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर येऊन मागणी लावून धरल्यानंतर. फर्मिलॅबच्या पद्धतीचं मला कौतुक वाटतं त्यात ही तुलना डोक्यात असते, हे कबूल करायला हरकत नाही.

पण कौतुकाला मर्यादा आहे. डिसेंबरच्या सभेत दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या गेल्या. रजेचं स्वरूप ठरलेलं होतं: कधीपासून, किती, कोणाला. कपातीचं काहीच ठरलेलं नव्हतं. आकडा होता, नावं नव्हती. आधी स्वेच्छेने जाणाऱ्यांना वाट मोकळी करायची आणि उरलेला आकडा सक्तीने भरायचा, असा तो क्रम. म्हणजे जानेवारी ते जून प्रत्येकाने एकीकडे सगळ्यांसाठी पगार सोडायचा आणि दुसरीकडे आपलं नाव यादीत असेल का याचा विचार करायचा. सगळ्यांनी मिळून सोसू या, हे वाक्य त्या यादीच्या सावलीत पोकळ वाटतं. ज्याला उद्या काढणार त्याच्याकडूनही आज सातव्या आठवड्यानंतर पगार सोडून घेतलाच ना?

मग सांगायला नको होतं का? मला तसं वाटत नाही. २०० चा आकडा दडवला असता तर तो कानोकानी फुटलाच असता, आणि रजा ही कपात टाळण्यासाठी आहे असा खोटा समज लोकांनी करून घेतला असता. ओडोने यांच्या हातात चांगला पर्याय नव्हता. फार तर यादीची तारीख आधी बांधून घेता आली असती. तीही काँग्रेसच्या पुढच्या हालचालींवर अवलंबून होती आणि ती लवचीक ठेवण्यातच अखेर फायदा झाला. कर्मचाऱ्यांची झोप आणि त्यांच्या नोकऱ्या, या दोहोंना एकच तारीख सोयीची नव्हती.

कॅलिफोर्नियातला दुसरा रस्ता

त्याच कपातीचा फटका स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेलाही बसला. तिथे पर्सिस ड्रेल यांची संचालकपदी नेमणूक जाहीर होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. स्लॅकने जवळपास १२५ जण कमी केले आणि बाबार या प्रयोगाची धाव ठरल्या वेळेआधी संपवली. यंत्र ७ एप्रिल २००८ ला थांबलं. उरलेल्या थोड्या आठवड्यांत नेहमीची ऊर्जा सोडून कणांची शलाका (झोत) वेगळ्या ऊर्जेवर चालवली गेली, आणि त्या मोजमापातून बॉटमोनियम या कणजोडीची तळची अवस्था, ‘ईटा-बी’, तीस वर्षांच्या शोधानंतर सापडली. जुलैमध्ये ते जाहीर झालं.

यावरून कोणता मार्ग बरा, असं विचारणं सोपं आहे आणि उत्तर देणं अवघड. स्लॅकमध्ये यंत्राचं आयुष्य तसंही संपत आलं होतं आणि पुढची क्ष-किरण लेझर यंत्रणा तयार होत होती. एक दार लवकर बंद करणं त्यांना परवडलं. फर्मिलॅबचं पुढचं दार, नोव्हा आणि लिनिअर कोलायडर, नेमकं तेच कापलं गेलं होतं. मागचं यंत्र थांबवलं असतं तर हातात काहीच उरलं नसतं.

मे आणि जून

८ मार्च २००८ ला हॅस्टर्ट यांच्या रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली. अनेक वर्षं रिपब्लिकन पक्षाकडे असलेली ती जागा डेमोक्रॅट बिल फॉस्टर यांनी जिंकली. फॉस्टर हे भौतिकशास्त्रज्ञ. बावीस वर्षं त्यांनी फर्मिलॅबमध्येच काढलेली. टेव्हाट्रॉनला पुरवठा करणाऱ्या रिसायकलर या वलयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पगार कापला गेलेल्या माणसांचा जुना सहकारीच प्रतिनिधीगृहात जाऊन बसला. कथाकाराने असं रचलं असतं तर संपादकाने खोडून टाकलं असतं.

मेच्या अखेरीस दुसरी बातमी आली, तीही कोणाच्या ध्यानीमनी नसलेली. नाव जाहीर न करण्याच्या अटीवर एका कुटुंबाने शिकागो विद्यापीठामार्फत फर्मिलॅबला ५० लाख डॉलर दिले. बिनपगारी रजा थांबली.

अमेरिकेत प्रयोगशाळेला खासगी मदत नवी नव्हती. २००६ च्या जानेवारीत ब्रूकहेवन या दुसऱ्या प्रयोगशाळेचं यंत्र पैशांअभावी थांबणार होतं तेव्हा गणिती आणि गुंतवणूकदार जिम सायमन्स यांनी सहकाऱ्यांसह १ कोटी ३० लाख डॉलर उभे केले होते. ते पैसे यंत्र चालवण्यासाठी होते. शिकागोच्या कुटुंबाचे पैसे मात्र माणसांच्या पगारात गेले, हे मला विशेष वाटतं. देणगीदाराला सहसा इमारत, यंत्र, अध्यासन आवडतं, कारण त्यावर पाटी लागते. इथे पाटी तर नाहीच, नावही नाही. आणि रक्कम एकूण खड्ड्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तरी रजा प्रत्येकाच्या घरात पोचलेली असल्यामुळे तिचा दिलासाही प्रत्येक घरात पोचला. सगळ्यांना थोडं थोडं वाटून दिलेलं ओझं कमी पैशांत उतरवता येतं. २०० जणांच्या नोकऱ्या ५० लाखांत परत आल्या नसत्या.

कपातीची टांगती तलवार अजून होतीच. ती उतरली जूनच्या शेवटी. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धखर्चासाठीच्या पुरवणी विधेयकात विज्ञानासाठी काही रक्कम घातली गेली. ऊर्जा खात्याच्या विज्ञान विभागाच्या वाट्याला त्यातले ६ कोटी २५ लाख डॉलर आले. ३० जूनला सही झाली, आणि जुलैच्या सुरुवातीला सक्तीची कपात रद्द झाल्याचं कर्मचाऱ्यांना सांगितलं गेलं. युद्धाच्या विधेयकातून न्यूट्रिनोवाल्यांच्या नोकऱ्या वाचाव्यात, यावर कोणी काय बोलावं!

तोवर काही जण स्वेच्छेने निघून गेले होते. अशा वेळी जाणाऱ्यांत निवृत्तीच्या जवळ आलेले असतात, तसे ज्यांना बाहेर लगेच दुसरी नोकरी मिळते असेही असतात. दुसऱ्या प्रकारचा तोटा कुठल्याही पत्रकात छापला जात नाही. यादी रद्द झाली म्हणून गेलेले परत आले नाहीत.

पुढे

नोव्हा वाचला. २००९ च्या आर्थिक उत्तेजनाच्या पैशांतून त्याचं बांधकाम सुरू झालं, मिनेसोटातल्या अ‍ॅश रिव्हरला १४,००० टनांचा डिटेक्टर उभा राहिला आणि २०१४ मध्ये तो पूर्ण क्षमतेने चालू झाला. त्यात भारतातल्या अनेक विद्यापीठांचे गट आहेत. फर्मिलॅबच्या पुढच्या त्वरकासाठी मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि इंदूरचं राजा रामण्णा केंद्र सामग्री पुरवण्याच्या सहकार्यात आहेत. लिनिअर कोलायडर मात्र आजही कागदावरच आहे.

ओडोने यांना कर्मचाऱ्यांना आणखी एक वाईट बातमी सांगायची होती. टेव्हाट्रॉन २०१४ पर्यंत चालवावा, अशी शिफारस सल्लागारांनी २०१० च्या शरद ऋतूत केली होती. त्यासाठी दरवर्षी साडेतीन कोटी डॉलर जादा लागणार होते. ऊर्जा खात्याने नाही म्हटलं. जानेवारी २०११ मध्ये संचालकांनी ते जाहीर केलं: यंत्र सप्टेंबरअखेर कायमचं थांबेल. या वेळी तारीख पक्की होती आणि हातात जवळपास नऊ महिने होते. कोण कुठल्या प्रयोगावर जाणार, कोणाचं विश्लेषण कधी संपणार, हे ठरवायला सवड मिळाली. ३० सप्टेंबर २०११ ला दुपारी, टेव्हाट्रॉनच्या उभारणीत आघाडीवर असलेल्या हेलन एडवर्ड्स यांनी बटणं दाबून शेवटची शलाका थांबवली. स्वतःच्या निवृत्तीची सूचनाही ओडोने यांनी २०१२ मध्येच, जवळपास वर्षभर आधी देऊन ठेवली.